धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, हे कोण ठरवतं?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी विचारलंय: "पाकिस्तान, इराण, चीन, रशिया, इजिप्त, सगळ्यांच्या राज्यघटनेत श्रद्धेच्या स्वातंत्र्याबद्दल काही ना काही चांगलं लिहिलेलं आहे. तरी धर्मस्वातंत्र्याची चर्चा निघाली की हीच नावं पुढे येतात. मग बंधनं येतात कुठून? आणि एखाद्या देशात हे स्वातंत्र्य खरंच आहे का, हे तपासायला सुरुवात कुठून करायची?"

सुरुवात फॉर्मपासून करा. घटनेतलं कलम शेवटी वाचा.

हे जरा तिरकस वाटेल, म्हणून आधी माझ्याबद्दल सांगते. माझी वकिली २७ वर्षांची. त्यातली बरीचशी नाव बदलणं, धर्म बदलणं, विशेष विवाह कायद्याखालची लग्नं, जातपडताळणी अशा कामांत गेली. या कामांची बातमी होत नाही. माझ्याकडे येणारा अशील "माझ्या मूलभूत हक्काचा भंग झालाय" असं कधीच म्हणत नाही. तो पिशवीतून कागद काढतो आणि म्हणतो, "मॅडम, अर्जच घेत नाहीयेत." त्यामुळे माझं उत्तर कागदांकडून वर जाणारं आहे. घटनातज्ज्ञ कदाचित उलट दिशेने सांगतील.

पहिला फॉर्म पाकिस्तानच्या पासपोर्टचा. त्यात धर्माचा रकाना आहे. तिथे ‘मुस्लिम’ लिहिलंत की एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. मुहम्मद पैगंबर हेच अखेरचे पैगंबर अशी आपली अढळ श्रद्धा आहे, मिर्झा गुलाम अहमद कादियानी हे तोतया नबी होते आणि त्यांचे अनुयायी, मग ते लाहोरी गटाचे असोत वा कादियानी, मुसलमान नाहीत, असा त्याचा आशय. हिंदूला किंवा ख्रिश्चनाला ही सही लागत नाही. सुन्नी आणि शिया सही करतात, बहुतेक जण न वाचताच. पेच फक्त अहमदी माणसाला. सही केली तर स्वतःच्या पंथसंस्थापकाला खोटं ठरवायचं. नाही केली तर ‘अहमदी’, म्हणजे कायद्याने बिगरमुस्लिम, असा पासपोर्ट घ्यायचा आणि हजची आशा सोडायची. २००४ मध्ये यंत्राने वाचता येणारे पासपोर्ट आले तेव्हा हा रकाना गळला होता. धार्मिक पक्षांनी रान उठवलं आणि २००५ मध्ये तो परत आला.

त्या रकान्यामागचा इतिहास मुळातून वाचण्यासारखा आहे. अहमदिया पंथ १८८९ चा, पंजाबच्या गुरुदासपूर जिल्ह्यातल्या कादियानचा. म्हणजे आज भारतात असलेल्या गावाचा. फाळणीनंतर बहुतेक अनुयायी पाकिस्तानात गेले. पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री सर जफरुल्ला खान हे अहमदी होते. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर चर्चा सुरू असताना कलम १८ मध्ये ‘धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य’ हे शब्द असावेत की नाही यावर मोठा वाद झाला. सौदी अरेबियाचा विरोध होता, अखेरच्या मतदानात ते तटस्थच राहिले. जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच आधार देत या कलमाची बाजू घेतली. पुढे ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्षही झाले. आणि त्यांच्याच हयातीत, ७ सप्टेंबर १९७४ रोजी, त्यांच्या देशाने दुसरी घटनादुरुस्ती करून त्यांच्या पंथाला बिगरमुस्लिम ठरवलं.

मधली पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९५३ मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या, जफरुल्ला खान यांना काढा ही त्यातली एक मागणी होती. चौकशीला न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी बसले. त्यांनी समोर आलेल्या उलेमांना साधा प्रश्न विचारला: मुसलमान म्हणजे कोण, व्याख्या सांगा. १९५४ च्या अहवालात त्यांनी नोंदवलं की कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. एकाची व्याख्या मानली तर बाकी सगळे धर्माबाहेर जातात, अशी गत. जे काम विद्वानांना एकमताने जमलं नाही ते वीस वर्षांनी संसदेने बहुमताने केलं. कोण कुठल्या धर्माचा, हे ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला की पुढचे कायदे उताराला लागतात.

लागलेच. १९८४ मध्ये झिया-उल-हक यांच्या काळात वटहुकूम क्रमांक २० निघाला. दंडसंहितेत कलमं २९८-ब आणि २९८-क आली. अहमदींनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायचं नाही, अजान द्यायची नाही, स्वतःला मुसलमान म्हणवायचं नाही. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १९९३ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने हे वैध ठरवलं. त्या निकालातला एक युक्तिवाद मी नव्या ज्युनिअरांना मुद्दाम वाचायला देते. न्यायालयाने व्यापारचिन्हाचा दाखला दिला: कोका-कोला कंपनी दुसऱ्या कुणाला स्वतःचं पेय आपल्या नावाच्या बाटलीत भरून विकू देईल का? धर्माच्या शब्दांवर मालकी हक्क, आणि अहमदी माणूस म्हणजे नकली माल विकणारा. भलताच मुद्दा, पण टिकला.

अब्दुस सलाम यांना १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घटनादुरुस्ती झाली त्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्यांनी देश सोडला होता. १९९६ मध्ये ते गेले आणि रबवाह या अहमदियांच्या गावात त्यांचं दफन झालं. थडग्याच्या दगडावर इंग्रजीत ‘पहिला मुस्लिम नोबेल विजेता’ असं कोरलेलं होतं. त्यातला ‘मुस्लिम’ हा शब्द नंतर पुसण्यात आला. आता तिथे ‘पहिला’ आणि ‘नोबेल विजेता’ यांच्या मध्ये कोरी जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र हाताशी नसेल तर या दगडाचा फोटो पाहा, दोन्हींत एकच गोष्ट आहे. गावाचं रबवाह हे नावही सरकारी कागदावर उरलेलं नाही, प्रांतिक विधानसभेने ते बदलून चनाबनगर केलं.

धर्मनिंदेच्या कायद्याबद्दल, म्हणजे फाशीची तरतूद असलेल्या २९५-क बद्दल, तुम्ही वाचलंच असेल. त्याखाली फाशी सुनावली गेलेल्या ख्रिस्ती आसिया बीबी, त्यांची बाजू घेतली म्हणून २०११ मध्ये मारले गेलेले पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर, बीबींची २०१८ ची निर्दोष सुटका. ते सगळं भयंकर आहेच. पण ठळक अक्षरांतली प्रकरणं वाचून असं वाटतं की छळ म्हणजे फाशीचा दोर. बहुसंख्य लोकांच्या वाट्याला दोर येत नाही. त्यांच्या वाट्याला वेगळी मतदारयादी येते. २००२ मध्ये पाकिस्तानने सर्व धर्मीयांची एकच मतदारयादी केली, अहमदी तेवढे वेगळ्या पुरवणी यादीत राहिले. त्यात नाव घालायचं म्हणजे आपण बिगरमुस्लिम आहोत हे लेखी मान्य करायचं, म्हणून बहुतेक जण मतदानच करत नाहीत.

आता इजिप्त. हे प्रकरण माझं आवडतं, कारण त्यात लढाई एका आडव्या रेघेसाठी झाली.

इजिप्तमध्ये बहाई, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये सुरू झालेल्या एका स्वतंत्र धर्माचे लोक आहेत, थोडे, काही हजार. नासर यांनी १९६० मध्ये एका फर्मानाने त्यांच्या संस्था बंद केल्या, पण माणसं राहिली. जुनी ओळखपत्रं हाताने लिहिली जायची. समजूतदार कारकून भेटला तर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहायचा किंवा रेघ मारून मोकळा व्हायचा. मग संगणक आला. पडद्यावर तीनच पर्याय: इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी. चौथं काही लिहायला जागा नाही आणि मोकळंही सोडता येत नाही. ओळखपत्र नाही म्हणजे बँकेत खातं नाही, महाविद्यालयात प्रवेश नाही, पेन्शन नाही. जन्म-मृत्यूचे दाखलेही अडायचे. कायद्यात बहाईंविरुद्ध एक शब्द नवीन लिहिला नव्हता, फक्त कारकुनाच्या हातातला पेन काढून घेतला होता.

एप्रिल २००६ मध्ये एका बहाई जोडप्याच्या बाजूने प्रशासकीय न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबरमध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. तिथे त्यांच्या वकिलांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘आमचा धर्म लिहा’ ही मागणी मागे ठेवून पुढच्या दाव्यांत ‘काहीच लिहू नका, रेघ मारा’ एवढंच मागितलं. सरकारला बहाई धर्म मानायला सांगायचं नाही, फक्त आम्हाला खोटं लिहायला लावू नका. जानेवारी २००८ मध्ये हे मान्य झालं, मार्च २००९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कायम केलं, आणि त्या ऑगस्टमध्ये रेघ असलेली पहिली ओळखपत्रं मिळाली, दोन जुळ्या भावंडांना. पूर्ण विजय नव्हताच. बहाई लग्नाला मान्यता नसल्याने ‘विवाहित’ या रकान्याशी पुढे नव्याने भांडण सुरू झालं.

इराणमधल्या बहाईंना ती रेघही नाही. इराणच्या घटनेचं कलम १३ तीन अल्पसंख्य धर्म मानतं: पारशी म्हणजे झरथुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती. बहाई हे तिथले सर्वांत मोठे बिगरमुस्लिम अल्पसंख्य, पण यादीत नाहीत. कलम २३ सांगतं की कुणाच्या श्रद्धेची चौकशी करता येणार नाही. आणि १९९१ च्या एका सरकारी टिपणात लिहिलंय की विद्यार्थी बहाई असल्याचं कळलं तर त्याला विद्यापीठातून काढा. दोन्ही कागद एकाच राज्याचे. प्रवेशपरीक्षा उत्तम गुणांनी पास झालेल्या मुलांना निकालाच्या वेळी काय उत्तर मिळतं? "तुमची फाईल अपूर्ण आहे." नकार दिला की त्याविरुद्ध अपील होतं, अपूर्ण फाईलविरुद्ध कुठे जाणार? आपल्याकडे कचेरीत ‘त्रुटी काढली’ म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की ही त्रुटी कुठलाही कागद जोडून भरून निघत नाही. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जातून ‘इतर धर्म’ हा पर्यायही काढून टाकला गेला.

इराणी बहाईंची पोरं ज्या गावांत शिकली त्यांत आपलं पाचगणीही आहे. तिथली न्यू एरा ही बहाई शाळा १९४५ ची. मुंबई-पुण्यात इराणी म्हटलं की आपल्याला बन-मस्का आठवतो, पण त्या घरांतली काही झरथुष्ट्री आणि काही बहाई, हे गिऱ्हाइकाला कळायचं कारणच नसतं. इथे तो भेद कुणी काउंटरवर विचारला नाही, एवढंच.

इजिप्तच्या उलट बाजूचं प्रकरण मलेशियाचं. तिथे प्रश्न आत येण्याचा नसून बाहेर पडण्याचा आहे. मलय मुस्लिम घरात जन्मलेल्या लीना जॉय यांनी १९९८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नाव बदलून मिळालं, पण ओळखपत्रावर ‘इस्लाम’ राहिलं. ते काढायचं तर शरिया न्यायालयाचा दाखला आणा, असं नोंदणी विभागाचं म्हणणं. म्हणजे ज्या धर्मात तुम्ही नाही असं तुम्ही म्हणता, त्याच धर्माच्या न्यायालयाने ‘हो, जा’ म्हटलं पाहिजे. ३० मे २००७ रोजी फेडरल कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी विभागाची बाजू मान्य केली. मलेशियाच्या घटनेचं कलम १६० त्याआधी वाचा: ‘मलय’ या शब्दाच्या व्याख्येतच ‘इस्लाम मानणारा’ हे आहे. धर्म सोडला तर वंशही सुटतो, असं ते कोडं.

चीनबद्दल एकच कागद सांगते. २००७ चा आदेश क्रमांक ५, धार्मिक व्यवहार खात्याचा, जिवंत बुद्धांच्या पुनर्जन्माबाबत. अवतारी लामाला पुन्हा जन्म घ्यायचा असेल तर अर्ज करावा लागतो, लामाच्या मोठेपणानुसार मंजुरीची पातळी ठरते आणि परवानगीशिवायचा पुनर्जन्म अवैध. पुनर्जन्मावर अजिबात विश्वास नसलेल्या पक्षाने पुनर्जन्माची नियमावली काढली! हसू येतं, पण त्याआधीची १२ वर्षं आठवली की थांबतं. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन चोएक्यी न्यीमाला पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचा अवतारी लामा, म्हणून जाहीर केलं, काही दिवसांत तो मुलगा ताब्यात घेतला गेला आणि त्यानंतर जगाला दिसलेला नाही. पेइचिंगने स्वतःचा पंचेन लामा बसवला. जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी आपली परंपरा पुढे चालेल आणि पुढच्या दलाई लामांची निवड आपला न्यासच करेल असं जाहीर केलं, तेव्हा चीनने याच नियमांकडे बोट दाखवलं. तो आदेश त्याच दिवसासाठी लिहिला होता.

श्रद्धा मनात असते, ती काही पोलिसांना सापडत नाही. म्हणून राज्य सवयी पकडतं. शिनजियांगमध्ये एप्रिल २०१७ पासून ‘असामान्य’ दाढी ठेवणं, बुरखा घेणं, धर्माचं स्तोम माजवणारी नावं मुलांना ठेवणं हे अतिरेकाचं लक्षण ठरलं. गोव्याच्या लोकांना हे नवीन वाटू नये. पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, तिथे १५६० ते १८१२ चाललं, मधली थोडी वर्षं सोडली तर. त्याच्या १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करू नये याची यादी आहे: दारात तुळस लावू नये, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये. भातात मीठ आहे का हे पाहायला कुणीतरी चुलीपर्यंत जायलाच हवं, आणि ते बहुधा शेजारीच असणार.

रशियाचं थोडक्यात. २००२ चा अतिरेकविरोधी कायदा, त्याखाली २० एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची मुख्य संस्था आणि जवळजवळ ४०० स्थानिक संस्था बंद केल्या. बंदूक हातात धरत नाहीत म्हणून जे सैन्यात जात नाहीत, ते अतिरेकी. डेन्मार्कचा नागरिक असलेल्या डेनिस क्रिस्टेन्सन यांना २०१९ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच पंथाच्या केरळमधल्या तीन मुलांबद्दल १९८६ मध्ये काय म्हटलं ते शेजारी ठेवून वाचा. राष्ट्रगीताला ती मुलं अदबीने उभी राहायची पण गात नव्हती, म्हणून शाळेने काढलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावलं: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान ती सांगतं, आपली घटना ती आचरते, तिच्यात पाणी घालू नका. बिजॉय इमॅन्युएल खटला. निकाल छोटा आहे, एका बैठकीत होतो.

फ्रान्सचं काय, असं कुणीतरी विचारणारच. विचारावंच. २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी, २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये दुसरा कायदा ‘एकत्र राहण्या’च्या नावाखाली चालवून घेतला. मला तो निकाल पटलेला नाही. पण त्याला इराणच्या रांगेत बसवणं हा आळस आहे. तो खटला लढणाऱ्या बाईला दाद मागायला न्यायालय होतं, तो खटला वर्तमानपत्रात आला आणि ती घरी गेली.

इथे तुमच्या उपयोगाचा एक तांत्रिक मुद्दा. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १८(३) बंधनांची कारणं मोजून देतं: सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीती, इतरांचे मूलभूत हक्क. त्यात ‘राष्ट्रीय सुरक्षा’ नाही. इतर काही कलमांत आहे, इथे नाही, आणि हे नजरचुकीने झालेलं नाही, मानवी हक्क समितीने १९९३ च्या भाष्यात ते स्पष्ट केलंय. रशिया, चीन बहुतेक वेळा नेमकं तेच कारण देतात. आपलं कलम २५ मात्र सुरूच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून’ असं होतं. हक्काआधी अट. शिकवताना आपण अट भरभर वाचून पुढे जातो.

आता घराकडे येते, कारण परदेशाबद्दल बोलताना आपला आवाज नेहमी जरा चढा असतो.

दहाहून अधिक राज्यांत धर्मांतराचे कायदे आहेत आणि सगळ्यांच्या नावात बहुधा ‘धर्मस्वातंत्र्य’ किंवा ‘बेकायदा धर्मांतर प्रतिबंध’ असतं. सुरुवात ओडिशाची १९६७ ची, मग मध्य प्रदेश. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वैध ठरवले: धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ठीक. जबरदस्तीने, फसवून कुणाचा धर्म बदलणं हा गुन्हा असावा यात दुमत नाही. पण उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याची परिशिष्टं काढून बघा. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मग पोलीस चौकशी, ‘खरा हेतू’ काय याची. धर्मांतर झाल्यावर पुन्हा प्रतिज्ञापत्र, त्यात नाव-पत्ता, आणि त्याची प्रत कचेरीच्या सूचना फलकावर. आपल्या अगदी आधीच्या धर्मात परत जाणारा मात्र यातून सुटतो, तो कायद्याच्या लेखी धर्मांतर करतच नाही. सगळे रस्ते तपासनाक्याचे, एक सोडून. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथल्या कायद्यातली आधी नोटीस देण्याची अट रद्द केली होती, कारण सदसद्विवेक ही खाजगी गोष्ट आहे. तो निकाल फार कमी लोक उद्धृत करतात.

सूचना फलक काय करतो हे मी स्वतः पाहिलंय. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाची नोटीस एका विवाह नोंदणी कार्यालयात लागली, मुलगी हिंदू, मुलगा मुसलमान. दुपारी कागद लागला. मी दुसऱ्या एका कामासाठी तिथेच बाकावर होते. एक माणूस आला, ना त्याचं लग्न ना त्याची नोंद, मोबाईल काढला, फलकाचे तीन फोटो घेतले आणि गेला. संध्याकाळी सात वाजता मुलीच्या वडिलांच्या दारात आठ जण होते. कार्यालयाने नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं, नोटीस फलकावर लावायची असते, त्यांनी लावली.

महाराष्ट्राला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे जी परदेशी अहवालांत क्वचितच असते: धर्म बदलण्याची किंमत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. कुणी अडवलं नाही, बंदी नव्हती. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध झालात की केंद्राच्या सवलती गेल्या. राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्राने आपल्यापुरत्या त्या दिल्या, केंद्राने द्यायला १९९० उजाडलं. मधली ३४ वर्षं कितीतरी घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. जातपडताळणीत आजही माझ्यासमोर अशा फायली येतात. आजोबा हिंदू महार, वडील बौद्ध, आत्या पुन्हा हिंदू महार, कारण त्या वर्षी तिला केंद्राची शिष्यवृत्ती हवी होती. समितीपुढे ‘विसंगती’ची खुलासेवार मांडणी मी करते. विसंगती कसली, तेव्हाचं धोरणच त्या दाखल्यांवर उतरलंय. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी ते दार अजून बंदच आहे.

आणि शेवटी रेघ. आपल्याकडेही एक रेघेचा खटला झालाय, फार जणांना माहीत नाही. महाराष्ट्रात नाव किंवा धर्म बदलला की गॅझेट करून घ्यावं लागतं. तिघांनी सरकारी मुद्रणालयाकडे अर्ज केला: आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती किंवा कुठल्याच धर्माचे नाही, तसं राजपत्रात छापा. मुद्रणालयाने नाकारलं. केंद्र आणि राज्य दोघांनीही न्यायालयात विरोध केला, ‘धर्म नाही’ हा धर्म कसा होईल म्हणून. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती चांदुरकर, निकाल दिला: कोणताही धर्म न मानण्याचा हक्क कलम २५ मध्येच आहे आणि सरकार कुणालाही कोणत्याही अर्जात धर्म लिहायला किंवा सांगायला भाग पाडू शकत नाही. कैरोतल्या वकिलांनी जे मागितलं ते इथे याहून मोठं करून मिळालं.

तेव्हा तुमच्या प्रबंधासाठी प्रत्येक देशाचे चार-पाच फॉर्म मिळवा. धर्माचा रकाना आहे का, मोकळा सोडता येतो का, त्यातलं उत्तर बदलायला कुणाची परवानगी लागते, आणि मुलाच्या जन्मदाखल्यात तो रकाना कोण भरतं. हे शेवटचं विसरू नका, धर्म सोडलेल्या आईबापांना सगळ्यात जास्त तिथेच अडवतात. घटनेचं कलम त्यानंतर वाचा, जरा वेगळं दिसेल.

आपल्या निकालाचंही कौतुक जपून करा. गेल्या वर्षी एक अशील मुलीच्या शाळाप्रवेशाचा ऑनलाइन अर्ज घेऊन आला. धर्म लिहायचा नाही, असं नवरा-बायको दोघांचं ठरलेलं. माझ्याच कॉम्प्युटरवर भरायला बसलो. धर्माच्या रकान्यात यादी होती, आणि रकाना मोकळा ठेवला की लाल चौकट येऊन पुढचं पान उघडत नव्हतं. शाळेत फोन केला. पलीकडची बाई बिचारी मदतीला तयार होती, म्हणाली, "निरंक टाका ना." निरंक टाईप होत नव्हतं, निवडायचंच होतं. मी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिलं, २०१४ च्या निकालाची प्रत जोडली. महिनाभराने उत्तर आलं. निकालाचा उल्लेख नव्हता. संगणकप्रणाली वरिष्ठ स्तरावरून विकसित केलेली असल्याने बदल करता येत नाही, अर्जदाराने तूर्तास ‘इतर’ हा पर्याय निवडावा.